चेनसॉनं लाकूड कोरणाऱ्यांच्या मेळाव्याला कोणी गेलंय का? स्कॉटलंडचा योग आलाय

करवत_करवीर:

नमस्कार मंडळी. कळंब्याकडं आपलं फर्निचरचं वर्कशॉप आहे, सुतारकी आज्जापासनं घरात. रात्री जेवण झालं की मोबाईलवर ते चेनसॉनं लाकूड कोरणाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसतो, बायको म्हणते बंद करा आता, माझ्या कानात मशीन घुमायला लागलीय. पण काय सांगू, आख्ख्या ओंडक्यातनं बघता बघता घुबड बाहेर काढत्यात राव, पट्टी नाही टेप नाही, नुसती नजर. आपल्याकडं ह्या मशीनला कटर म्हणायचं आणि वळवात रस्त्यावर आडवं झालेलं झाड तोडायला बोलवायचं, संपला विषय.

तर झालंय असं की बहीण आणि दाजी एडिनबराला असतात, तिची डिलिव्हरी जुलैच्या शेवटाला आहे, आई जाणार आणि आईला एकटीला विमानात बसायचा धीर होत नाही म्हणून सोडायला मी. दाजींना माझं हे वेड माहिती आहे, ते फोनवर म्हणाले तिकडं वर डोंगराळ भागात कारब्रिज म्हणून गाव आहे, तिथं ऑगस्टच्या शेवटाला चेनसॉवाल्यांची स्पर्धा भरते, थांबत असशील तर जाऊया. म्हटलं देव पावला. पण ऑगस्टअखेर म्हणजे गणपती तोंडावर, मंडळांची मखरं, स्टेजचं लाकूडकाम, गिऱ्हाईक दारात उभं. दुकान सोडून महिनाभर तिकडं बसलो तर आण्णा काय म्हणतील ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यामुळं विचारतोय की प्रत्यक्ष कोणी गेलंय का असल्या ठिकाणी? नुसतं दोरीमागं उभं राहून बघायचं असतं का त्या माणसांशी बोलता येतं? हातात मशीन देत्यात का थोडा वेळ? इंग्रजी माझं जेमतेम, पण लाकडाचं बोलणं असेल तर हातवारे करून निभावून नेतो. आणि मुख्य म्हणजे बघून आल्यावर कोल्हापुरात हे सुरू करता येईल का? लाकूड कुठलं घ्यायचं? माझ्याकडं १४ इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्यावरनं फिरते ती पट्टी) छोटी पेट्रोल मशीन आहे, ओंडके कापायला घेतलेली, तिच्यावरच हात बसवावा म्हणतोय. जाणकारांनी सांगा. 'यूट्यूब बघ' म्हणू नका, तेच बघून हा दिवस आलाय.


राजारामपुरी_ते_इन्व्हरनेस:

दादा, माहेर राजारामपुरी, आता नवऱ्याच्या नोकरीमुळं इन्व्हरनेसला. कारब्रिज आमच्यापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर, मुलांना घेऊन जाऊन आलेय म्हणून सांगते.

गाव एवढंसं आहे. नदीवर १७१७ सालचा दगडी पूल आहे, आता नुसती कमान उरलीय, कठडे वगैरे १८२९ च्या महापुरात गेले (पुराचं कौतुक आपल्याला कोणी सांगू नये, पण तरी). ह्याच गावात ऑक्टोबरात लापशी बनवायची जागतिक स्पर्धा पण भरते, म्हणजे गाव तसं हौशी आहे, तुम्हाला परकं वाटणार नाही.

स्पर्धा एका दिवसाची. प्रत्येकाला आखून दिलेली जागा, समोर उभा ओंडका, मध्ये जाळी आणि दोरी, आणि एकदा मशीन सुरू झाल्या की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मुलांच्या कानाला मोठे हेडफोनसारखे मफ लावलेच पाहिजेत, तुम्ही पण लावा, दिवसभर उभं राहणार असाल तर. गर्दी खरी होते ती दुपारनंतर, पुतळे ओळखू यायला लागल्यावर. पण तुम्ही सुतार आहात ना, तुम्ही सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत पोचा. पहिल्या तासात ते लोक जे करतात ना, म्हणजे ओंडक्याभोवती फिरायचं, गाठ कुठं आहे बघायचं, खडूनं किंवा स्प्रेनं दोन-चार रेघा, आणि मग न थांबता मोठमोठे ठोकळे खाली पाडायचे, ते बघायला कोणी नसतं आणि मला तर तेव्हा काहीच कळलं नाही की ह्यातून काय होणारे. एका बाईंनी एवढं लाकूड उडवलं की मला वाटलं चुकलं काहीतरी, आणि तो मोकळा झालेला भाग म्हणजे गरुडाच्या पंखाखालची पोकळी निघाली.

बोलतात की, भरभरून बोलतात. पण मशीन चालू असताना हाका मारायच्या नाहीत. पेट्रोल भरायला किंवा चेनला धार लावायला थांबले की दोरीजवळ जाऊन विचारायचं. धार कशी लावता विचारलंत की संपलंच, सोडणार नाहीत तुम्हाला. मशीन हातात मिळणार नाही, ते विसरा. इथं कामासाठी चेनसॉ चालवायची म्हणजे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, विमा लागतो, बघायला आलेल्याच्या हातात कोणी देत नाही. शिकायचंच असेल तर एक-दोन दिवसांचे कोर्स असतात, ते वेगळे, आधी बुक करावे लागतात.

आणखी एक, गावात फिरा. आधीच्या वर्षांचे पुतळे ठिकठिकाणी उभे आहेत. नव्या पुतळ्याचं सगळे फोटो काढतात, पण पाऊस-थंडी खाल्लेल्या जुन्या पुतळ्याजवळ जाऊन भेगा कुठून गेल्यात, खाली जमिनीला टेकतो तिथं काय झालंय, हे तुमच्यासारख्यानं बघायला पाहिजे.

येणं सोपं आहे, एडिनबराहून इन्व्हरनेसकडं येणारी ट्रेन. कारब्रिजला स्टेशन आहे पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, मग अलीकडं ॲव्हिमोरला उतरून बसनं जायचं. रेनकोट हवाच. आणि मिजेस म्हणून बारीक माश्या असतात, चिलटापेक्षा लहान, वारा पडला की झुंडीनं येतात आणि चावून हैराण करतात, त्याचं क्रीम औषधाच्या दुकानात मिळतं ते घ्या. ह्या वर्षीची तारीख त्यांच्या पेजवर बघूनच तिकीट काढा.


वाकस_पटाशी:

स्पष्ट बोलतो, राग मानू नको. हा सगळा आवाजाचा तमाशा आहे. अस्वल, घुबड, गरुड, परत अस्वल. अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपाचे सागवानी खांब आणि कमानी बघितल्यास न्हवं? त्या काय पेट्रोल टाकून कोरल्या होत्या? लाकडाचा रेषा कुठं चाललाय ते पटाशीच्या दांड्यातनं हाताला कळतं, त्या भुंग्यातनं काय कळणार, हात नुसता बधिर. चाळीस वर्षं वाकस मारली, अजून बोटं शाबूत आहेत.

तुला कोरीवकाम बघायचं असेल तर सावंतवाडीला चितारआळीत जा. यष्टीनं जाता येतं, पासपोर्ट लागत न्हाई.


करवत_करवीर:

काका राग कशाचा, आज्जाची वाकस अजून खुंटीला आहे आणि दर दसऱ्याला पुजतो. पण आज्जा सुद्धा रंधा मशीन आली तेव्हा आधी शिव्या घालायचा आणि नंतर सगळ्यांच्या आधी स्विच दाबायला तोच.

ताई, लई लई आभार. जुने पुतळे बघायचं डोक्यातच आलं नसतं.


कानस_घ्या_कानस:

गोकुळ शिरगावला पॉवर सॉ, ब्रश कटर रिपेअरीचं काम करतो, रोज दोन-चार मशीन उघडतो. बाकीचं राहू दे भावा, तू ती १४ इंची मशीन घेऊन कोरायला बसणार म्हणालास तिथंच थांबलो. न्हाई. आधी हे वाच, मग स्कॉटलंडला जा न्हाईतर सावंतवाडीला जा.

बारचं टोक असतंय ना, त्याचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की चेन कापत न्हाई, अडकती, आणि चेनला जायला जागा न्हाई म्हणून सगळी मशीन वर आणि मागं उडती, थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडं. त्याला किकबॅक म्हणत्यात. डोळं मिटून उघडायच्या आत होतंय, हात मजबूत असून काय उपयोग न्हाई. पुढं जो प्लास्टिकचा पंजा असतोय तो चेन ब्रेक, मनगट लागून तो पडला तर वाचलास. आमच्याकडं असल्या मशीन येत्यात की ब्रेकचा पंजाच काढून टाकलेला, का तर म्हणे मधे मधे येतोय. अशा मशीनला मी हात लावत न्हाई, आधी ब्रेक बसवू मग बाकीचं बोलू.

आता झाड तोडताना टोक लाकडात घालायची वेळ कमी येती. कोरीवकामात उलटं हाय, सगळं कामच टोकानं. डोळा काढायचा, चोच काढायची, पंखाची रेघ मारायची, सगळं नाकाच्या शेंड्यानं. म्हणून त्या लोकांचा बार वेगळा असतोय, कार्व्हिंग बार. व्हिडिओत नीट बघ, पुढं एकदम निमुळता होत गेलेला दिसंल. टोक डाइम टिप, डाइम म्हणजे अमेरिकेचं दहा सेंटचं नाणं, व्यास १८ मिलिमीटरला थोडा कमी, टोक जवळपास तेवढं बारीक. टोक जेवढं लहान तेवढी किकबॅकची ओढ कमी. कमी म्हटलंय, बंद न्हाई म्हटलं.

पण नुसता बार आणून भागत न्हाई. तुझ्या मशीनची चेन बहुतेक ३/८ लो प्रोफाइल असणार, कार्व्हिंगची चेन पाव इंच पिचची, पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, दात बारीक. म्हणजे बार, चेन आणि क्लचवरचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, तिन्ही बदलायला लागतंय, न्हाईतर चेन दातावर बसतच न्हाई. आपल्या साध्या बारला टोकाला फिरतं चाक असतंय, ह्याला नसतंय, टोक भरीव आणि कडक धातूचं, त्यावरनं चेन नुसती घासत जाती. म्हणून तेल बंद झालं की टोक निळं पडतंय. ऑइलर, म्हणजे चेनला तेल सोडणारा भाग, चालतोय का न्हाई बघायचं तर मशीन पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून जरा रेस कर, तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे.

खरं म्हणजे दोन मशीन पाहिजेत. तुझी हाय ती ठोकळे पाडायला, साध्या बारची, टोक न लावता. दुसरी हलकी कार्व्हिंगची. मेळाव्यात बघशील, एकेकाच्या शेजारी चार-पाच मशीन ओळीनं मांडलेल्या असत्यात, दर वेळी बार बदलत बसायला कोणाला वेळ हाय.

आणि अंगावर काय घालायचं ते तिकडनंच घेऊन ये. चॅप्स, म्हणजे पुढनं मांडीवर-पायावर बांधायचं ते. आत लांब धाग्यांचे थर असत्यात, चेन लागली की धागे ओढून स्प्रॉकेटात गुंततात आणि मशीन जाग्यावर थांबती. त्यावर क्लास लिहिलेला असतोय, क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर चेन स्पीडला टेस्ट केलेलं, क्लास २ चोवीसला, क्लास ३ अठ्ठावीसला. तुला क्लास १ पुरं. हेल्मेट, जाळीचा व्हायजर, कानाला मफ. बर्म्युडा आणि स्लीपर घालून मशीन चालवणारे आपल्याकडं पैशाला पासरी हायत, त्यांचं बघून शिकू नको.


उद्यमनगरचा_टर्नर:

एवढं लांबनं बार कशाला आणायचा? मापं द्या, उद्यमनगरात आठ दिवसांत करून देतो. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी १९१८ ला स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला तिथं एक पट्टी बनवता येत नाही व्हय? काय लावलंय.


कानस_घ्या_कानस:

टर्नरभाऊ, तुमच्या हाताला नावं ठेवत न्हाई, आमच्या क्लच ड्रमचे पुलर तुमच्याकडचेच हायत. पण कॅमेऱ्यानं कोणाचं तोंड फाटत न्हाई. बारच्या खाचेची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागात सांभाळायला लागती, १.३ च्या जागी १.५ झाली की चेन आत डुलती आणि सुटती. टोकाला कडक धातूचा थर चढवलेला असतोय, तो नसला तर दोन दिवसांत झिजतंय. चेन सेकंदाला वीस मीटरनं पळत असताना असला प्रयोग करायचा न्हाई. तुम्हाला करायचंच असंल तर ओंडका धरायचा शिकंजा करा, गोल फिरणारा, कमरेच्या उंचीचा. त्याची लई गरज पडती आणि तिथं तुमचा हात कोण धरणार न्हाई.


उद्यमनगरचा_टर्नर:

शिकंजा करूया की. किती जाडीचा ओंडका आणि वजन किती ते सांगा.


ओला_ओंडका:

लाकडाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, कारण हे काम इथं कोल्हापुरात अडणार असेल तर मशीनवर नाही, लाकडावर अडेल.

व्हिडिओत दिसतं ते बहुतेक व्हाइट पाइन, सीडर, डग्लस फर, म्हणजे सूचिपर्णी, मऊ, रेषा सरळ. त्यावर चेन लोण्यासारखी चालते. आपल्याकडं तसं नाही. बाभूळ घेतलीस तर चेनची धार बघता बघता जाईल. सागात सिलिका असते, ती पण धार खाते, शिवाय सागाचा भुसा काहींच्या अंगावर उठतो, आणि असल्या कामात साग उधळायला परवडणार कुणाला. निलगिरी दिसायला सरळसोट पण रेषा पिळलेली असते आणि आतला ताण एवढा की ओंडका कापून ठेवला की तोंडाला आपोआप फुटते. माझ्या मते सुरुवातीला सिल्व्हर ओक, आंबा नाहीतर रेन ट्री. रेन ट्रीचा आतला भाग तपकिरी आणि सालीकडचा पांढरट असतो, कोरताना दोन रंग मिळतात, ते भारी दिसतं. आणि शिवण मिळाली तर सोडू नको. हलकी, फारशी आकसत नाही, कोरायला मऊ.

आता भेगा. कापताना लाकूड ओलंच लागतं, ओल्यात चेन चांगली चालते आणि धूळ कमी उडते. पण वाळताना लाकूड वर्तुळाच्या दिशेनं जेवढं आकसतं ते मधून सालीकडं आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं, म्हणजे पूर्ण गोल ओंडका, मधला बिंदू आत ठेवून वाळवला तर भेग पडणारच, देव आला तरी पडणार. प्रश्न एवढाच की कुठं. म्हणून ती माणसं पुतळ्याच्या पाठीमागून मध्यापर्यंत एक सरळ उभा काप मारून ठेवतात, म्हणजे भेग तिथंच उघडते आणि तोंडावर येत नाही. मेळाव्यात पुतळ्याच्या पुढं सगळे उभे असतात, तू मागं जाऊन बघ. दुसरा उपाय म्हणजे ओंडका मधून उभा चिरून अर्धा घ्यायचा, मधला बिंदूच काढून टाकायचा. नाहीतर खालून पोखरायचा. दोन्ही तोंडांना मेण लाव, मेण नसेल तर फेविकॉलचा जाड हात दे, कापल्या कापल्या, दुसऱ्या दिवशी नाही. आपला मार्च ते मे लाकडाचा वैरी आहे, त्या दिवसांत ओला ओंडका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नको.

आंब्याला आणि सालीकडच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो, बारीक पीठ पडायला लागलं की समजायचं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड पाण्यात कालवून मुरवायचं, पण ते पावसात धुऊन जातं, त्यामुळं पुतळा उघड्यावर ठेवायचा असेल तर वरून तेल किंवा कोटिंग हवंच. भुंग्यावरून आठवलं, आज जी चेन आपण वापरतो तिचा दात मुळात भुंग्याच्या अळीवरून सुचलेला आहे. १९४६ ला अमेरिकेत ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं बुंध्यात अळी बघितली, ती डावीकडं-उजवीकडं असं आलटून पालटून कुरतडत रेषेच्या उभं-आडवं कसंही जात होती, त्यावरून त्यानं डावा-उजवा दात असलेली चेन केली. त्याच्या आधीच्या चेनचे दात करवतीसारखे होते.

कायद्याचं पण बघ. शहरातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, वाऱ्यानं पडलेलं झाड सुद्धा आधी उद्यान विभागाला विचारून मगच उचलायचं. बाहेरून ओंडके आणताना वाहतूक परवाना लागतो का ते वनविभागात विचार, झाडाच्या जातीवर आहे ते. सगळ्यात सोपं म्हणजे वखारीतून पावतीसकट घे. टिंबर मार्केटला गेलास तर फळ्या पाडून उरलेले वाकडेतिकडे, गाठीचे तुकडे माग, ते जळणाच्या भावात मिळतात आणि कोरायला तेच चांगले, गाठीचा डोळा करता येतो.


पिट्सबर्गकर_पण_कोल्हापूरचाच:

सगळं वाचलं. मी पेनसिल्व्हेनियात असतो, इथं रिजवे म्हणून जंगलातलं छोटं गाव आहे, तिथं फेब्रुवारीत चेनसॉ कार्व्हर्स रांदेव्हू भरायचा, मी गेलो होतो तेव्हा बर्फात उभं राहून पाय गोठले होते. फरक काय तर कारब्रिजला स्पर्धा, रिजवेचा मेळावा. नंबर नाही, बक्षीस नाही, जगभरातले लोक येऊन नुसते शेजारी शेजारी कोरायचे, एकमेकांची मशीन घेऊन बघायचे, नवख्याला दाखवायचे, आणि केलेल्या वस्तूंचा लिलाव करून पैसे समाजकार्याला. शिकायला हे जास्त चांगलं असं माझं मत, स्पर्धेत माणूस घड्याळाकडं बघत असतो. फेब्रुवारीत गणपती नाहीत हा आणखी एक मुद्दा :) पण अमेरिकेच्या व्हिसाची तारीख मिळेपर्यंत तुमचा भाचा शाळेत जाईल. त्यामुळं हातात आहे ते कारब्रिज सोडू नका. भरतोय का, कधी भरतोय हे दर वर्षी बघावं लागतं, सगळीकडंच.

लिलावात मोहात पडू नका एवढंच सांगतो. अर्ध्या तासात केलेलं घुबड स्वस्तात जातं, पण ते ओलं लाकूड असतं, सालीसकट, भारतात आणताना प्लांट क्वारंटाइनवाले विचारणार आणि तिथून सुटलं तरी कोल्हापूरच्या उन्हाळ्यात तडकणार. वापरलेली पेट्रोल मशीन विमानात घेत नाहीत, वास आला तरी काढून ठेवतात. नवा बार, चेन, चॅप्स चेक-इनच्या बॅगेत चालतात, केबिन बॅगेत टाकू नका.


वाकस_पटाशी:

लाकडाचं ज्यानं लिहिलंय त्याला कळतंय. बाकी माझं मत हाय तेच हाय.

पण जाणारच हायस तर एक ऐक. ओंडक्याला हात लावायच्या आधी ते जे काय करणार ते मातीत करून बघ, वीतभर उंचीचं. शाडू आण, कुंभार गल्लीत मिळंल. फर्निचरवाल्याची सवय काटकोनाची, समोरनं एक आणि बाजूनं एक असं बघायची. मूर्ती चारी अंगानं फिरती. मातीत चुकलं तर परत लावता येतं, लाकडात गेलं ते गेलं, आणि त्या मशीननं तर हातभर जातंय एका झटक्यात. गरुड मंडपवाले पण आधी कागदावर आणि मातीतच करत असणार, आकाशातनं न्हाई पडलं.

आणि अस्वल करू नको. आपल्याकडं म्हस हाय, बैल हाय, गवा हाय राधानगरीला. शिंग काढून दाखव.


करवत_करवीर:

काका, गवा डोक्यात फिक्स. शिंगासाठी फांदीचं बेचकं शोधतो, आडव्या रेषेत शिंग काढलं तर मोडणार हे एवढं तरी सुतारकीत शिकलोय.

घरी बोलणं झालं. आण्णा म्हणाले मखराची मापं आणि कटिंग जुलैच्या आधी उरकून जा, जोडणी पोरं करतील, आणि स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी विमानात बस. म्हणजे जवळजवळ हो. दाजी तारीख बघून तिकिटाचं कळवणार आहेत. ताई, सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणजे आदल्या रात्री ॲव्हिमोरला मुक्काम करायला लागेल का, की इन्व्हरनेसहून सकाळची गाडी मिळते?


राजारामपुरी_ते_इन्व्हरनेस:

मुक्काम आमच्याकडं करा, सकाळी मी गाडीनं सोडते. हॉटेलं ऑगस्टात परवडायची नाहीत. येताना चटणी आणा कोल्हापुरी, कांदा-लसूण, इथल्या दुकानात मिळते ती नुसती लाल असते.


कानस_घ्या_कानस:

भावा कार्व्हिंग बार घेशील तेव्हा दोन घे, एक मला. १० इंची का १२ इंची ते मशीनचा नंबर सांगितलास की सांगतो, आणि स्प्रॉकेट त्याच दुकानात बारबरोबर घे, मागनं जुळवत बसायला नको. चेन चार. पैसे आधीच पाठवतो.


उद्यमनगरचा_टर्नर:

मला पण एक आण. मापं घेऊन परत देतो.